सुईचं भोक पडलेली फुलं

हौसा, ती फुलं बुवाची नव्हती.

हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. अकरा दिवस दवाखान्यात तुझ्या खाटंजवळ बसलो, रोज जिभंवर आलं आन् रोज गिळलं. आता तू न्हाईस म्हणून नातीच्या वहीत लिवतोय. मी चौथीतनं शाळा सोडलेला आन् तुला अक्षर येत नव्हतं. म्हंजी लिवणारा अर्धाकच्चा आन् वाचणारी न्हाईच. तरी लिवतो. तोंडानं बोलायला गेलो की पोरं म्हणत्यात आबा पाणी प्या.

तुझा नेम सगळ्या वस्तीला ठावं होता. लगीन होऊन न्हावऱ्याच्या आपल्या वस्तीवर आलीस, तवापासनं रोज दिवेलागणीला रानबुवाच्या समाधीवर जायचं. दिवा लावायचा. ताजं फूल वाहायचं. कालचं फूल उचलून घरी आणायचं, डोळ्याला लावायचं आन् तुळशीच्या बुडात टाकायचं. बास. उपास न्हाई, गंडा न्हाई, अंगात येणं न्हाई. वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, एवढ्यानं काय होतंय? तू म्हणायचीस, होयला कशाला पायजे?

आपला रानबुवा काही मोठा संत न्हवं. त्याचं नाव कुठं छापलेलं न्हाई. मेंढरं राखता राखता हरीचं नाव घेणारा माणूस. त्यानं भिंत चालवली न्हाई का मेलेलं माणूस उठवलं न्हाई. रोज सांजेला माळावर एक दिवा लावायचा, वाट चुकलेल्या मेंढक्याला दिसावा म्हणून. पाऊस असू दे, ताप असू दे, लावायचा. गेला तवा लोकांनी त्याला तिथंच निंबाखाली ठेवला आन् दिवा चालू ठेवला. मग लोकं कामाला लागली आन् दिवा माझ्या आईकडं आला, आईकडनं तुझ्याकडं.

निघताना तू उंबऱ्यातनं म्हणायचीस, "आलेच."

पहिली पाच वर्षं मी पण यायचो. तेलाची बाटली माझ्या हातात असायची. वाऱ्याला मी धोतराचा आडोसा धरायचो आन् तू काडी ओढायचीस. हे पोरांना ठावं न्हाई. त्यांना वाटतं आबा जन्मापासनंच असा.

आपली शेवंता गेली त्या दिवशी माझं सुटलं. चार वर्षाची पोर, तीन दिवसाच्या तापानं गेली. माळाच्या बांधाला बाभळीखाली मी माझ्या हातानं खड्डा केला. घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. बाया रडत होत्या. आन् दिवस मावळायला तू उठलीस, तोंडावर पाणी मारलंस, तेलाची बाटली घेतलीस. उंबऱ्यात थांबून म्हणालीस, "आलेच."

मला त्या वेळी तुझा असा राग आला, हौसा, की सांगता येत न्हाई. पोरीची माती अजून ओली आन् हिला दिव्याचं पडलंय. ज्याला पाच वर्षं तेल घातलं त्यानं एक पोर राखली न्हाई, आन् ही परत त्याच्याच दारात. त्या दिवसापासनं मी समाधीकडं पाऊल टाकलं न्हाई. त्या बाजूचं रान सुद्धा गडी लावून करून घेतलं. आन् तू रोज "आलेच" म्हणायचीस त्याला मी कवाच ओ दिली न्हाई. चाळीस वर्षं. तू म्हणायचीस, मी तंबाखू मळायचो.

बाकी संसार झाला. चांगला झाला. दत्ता झाला, शिकला, कंपनीत लागला. शेवंतीचं रान आपल्याला लाभलं. पहाटं फुलं तोडायला बसलो की तुझं एक फूल आन् एक हरी, एक फूल आन् एक हरी. मला त्याचा तरास व्हायचा. गाडी यायची येळ झालेली असायची. मी म्हणायचो, तुझ्या हरीनं क्रेट भरत न्हाई. तू मान वर न करता म्हणायचीस, "तुमच्या शिव्यांनी भरतंय व्हय?" आन् सगळ्या बाया हसायच्या. खरं सांगायचं तर तुझा क्रेट माझ्या आधी भरायचा. हे मी कवा बोललो न्हाई. आता बोलतो.

एकदा, दत्ता दहावीला असंल तवा, आपण दोघंच रोपं लावत होतो. मी मधीच विचारलं, त्या दिवशी तू गेलीस कशी? कुठला दिवस ते तू विचारलं न्हाईस. म्हणालीस, "त्या दिवशी गेले नसते तर दुसऱ्या दिवशी उठलेच नसते."

"मग मी न्हाई का उठलो?"

तू माझ्याकडं बघितलंस. "उठलात व्हय?"

एवढं बोलून पुढच्या सरीला गेलीस. जबाब मला पुढं किती येळा सुचला, रात्री कूस बदलताना, बाजारात, गाईची धार काढताना. पर परत तो विषय निघाला न्हाई. तुझं माझं ते भांडण तिथंच, त्या सरीत ऱ्हायलं.

मागच्या साली दत्तानं सोलरचा दिवा आणला होता. म्हणला, आई, तुझे गुडघे गेलेत, हा समाधीवर बसवू, सांज झाली की आपोआप लागंल. मी म्हणलं झ्याक काम झालं. तू दिवा हातात घेऊन उलटासुलटा बघितलास, त्याचं कवतिक केलंस आन् म्हणालीस, "हा रोज लागंल रे बाबा. पर मला रोज कोण उठवंल?" तो दिवा आता गोठ्यात हाय. गाईला उजेड देतोय.

मग ह्या माघात तुझ्या छातीत पाणी झालं. दौंडच्या दवाखान्यात नेलं. मनीषा तुझ्याजवळ ऱ्हायची. सून हाय पर लेकीसारखं केलं तिनं, हे तू पण बघितलंस. दत्ताची शिफ्ट. मी सकाळच्या एसटीनं भाकरीचा डबा घेऊन यायचो आन् दुपारच्याला परत, कारण गाय माझ्याशिवाय, खरं म्हंजी तुझ्याशिवाय, कुणाला कासंला हात लावू देईना.

नेलं त्याच दिवशी तू मला हाताशी ओढलंस. नाकात नळी. म्हणालीस, "अवो, दिवा लावा. झाडाला फूल असंल. आन् कालचं फूल मला सकाळी आणा, डोळ्याला लावते."

मी म्हणलं व्हय.

घरी आलो. धार काढली. दिवस मावळला. समाधी काय लांब हाय? तंबाखूचा बार संपायच्या आत माणूस पोचतो. तेलाची बाटली आताशा तिथंच, समाधीच्या कोनाड्यात, तू आदल्या दिवशी भरून ठेवलेली. चार झेंडूची झाडं तिथंच, तू बुवासाठी बारा महिने पाणी घालून जगवलेली. मी अंगणात उभा ऱ्हायलो. पाय उचलंना. मनात म्हणलं, हिची पोर त्यानं नेली, आता हिला न्यायला बसलाय, आन् मी त्याच्यापुढं दिवा लावू? घरात गेलो आन् दार लावलं.

सकाळी दौंडच्या स्टँडवर उतरलो तवा आठवलं, तू फूल मागशील. शेवंतीचं रान मोडून कांदा लावलेला, शेतात फूल न्हाई. स्टँडाबाहेर एक बाई हार घेऊन बसलेली. मी म्हणलं एक झेंडूचं फूल दे. ती हसली. म्हणली, आजोबा, एका फुलाचं काय घेऊ, न्या असंच. आन् काल न खपलेल्या हारातनं एक फूल उपसून दिलं. जन्मभर आपण फुलं पिकवली, हौसा. दुसऱ्याच्या पाटीतलं फूल मी पहिल्यांदाच हातात घेतलं.

तू ते घेतलंस. दोन बोटांत धरून फिरवलंस. डोळ्याला लावलंस. मी खिडकीबाहेर बघत होतो.

असं अकरा दिवस. ती बाई मला वळखायला लागली. लांबनं एसटी दिसली की फूल काढून ठेवायची. विचारायची, आजी बऱ्या हायेत का? मी म्हणायचो, हायेत. तिच्याशी पण खोटंच.

तू मात्र रोज एकच विचारायचीस, दिवा लावला? व्हय. वारं होतं का? होतं थोडं. एकदा म्हणालीस, "बुवाचं फूल आज लई ताजं हाय." मी म्हणलं दव पडलं रात्री. तू म्हणालीस, पडत असंल. दहाव्या दिवशी विचारलंस, "बाटलीत तेल किती उरलं?"

मी म्हणलं निम्मं.

"जपून घाला," म्हणालीस. आन् डोळं मिटलंस. मला वाटलं दमलीस.

बाराव्या दिवशी मी एसटीतच होतो. फूल नव्हतं अजून घेतलेलं. दत्ताचा फोन आला.

दहावा भीमेच्या काठाला केला. आपल्यात दहाव्याला कावळा शिवंल का न्हाई ह्याची सगळ्यांना धास्ती असते. मेलेल्याची काही इच्छा अडकली असंल तर तो घासाकडं फिरकत न्हाई. मी मनातनं तयारीत होतो. मला ठावं होतं ना तुझं काय अडकलंय. म्हणलं आता कावळा येणार न्हाई, सगळी विचारत बसत्याल, आन् मला चारचौघांत कबूल करावं लागंल. पर घास ठेवून माणसं मागं सरली न्हाईत तोवर कावळा आला, शिवला, खाऊन गेला. सगळी म्हणाली, म्हातारी तृप्त गेली. तुझा भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, दाजी, नशीब काढलंत. मला त्या कावळ्याचा राग आला. म्हणलं ह्याला काय कळतंय.

त्याच दिवशी घरी आल्यावर मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. हातात तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्याची गाठ. म्हणली, मामा, आत्यांनी हे तुमच्या हातात द्यायला सांगितलंय, दहावा झाल्यावर.

सोडलं. आत वाळलेली झेंडूची फुलं. अकरा.

मी म्हणलं ही तुळशीत न्हाई टाकली? ती म्हणली, मी पण विचारलं आत्यांना, उशाखाली कशाला साठवता? तर म्हणल्या, ही अजून बुवाला पोचायची ऱ्हायल्यात.

मी एक फूल उचललं. हौसा, मी काय सांगू. फुलाच्या बुडातनं आरपार सुईचं भोक. एकात तर दोऱ्याचं टोक पण होतं. दुसरं उचललं, भोक. तिसरं, भोक. चाळीस वर्षं फुलात घालवलेल्या बाईला मी हारातलं फूल बुवाचं म्हणून दिलं. वाहिलेल्या फुलाला देठ असतो, पान असतं, भोक कशाला असंल? पहिल्याच दिवशी दोन बोटांत फिरवलंस तवाच तुला कळलं असणार. आन् तरी तेल किती उरलं म्हणून विचारत ऱ्हायलीस.

तुझा मला राग पण हाय, ते पण लिवतो. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस. म्हणायचं होतंस, लबाड हायात. मी पाय धरले असते. तू मला अकरा दिवस खोटं बोलू दिलंस आन् त्यातलं एक सुद्धा फूल टाकून दिलं न्हाईस.

मी मनीषाला विचारलं, आणखी काय म्हणली?

ती म्हणली, "मामांना सांग, सगळी एकदम न्यायची न्हाईत. रोज एक."

दुसऱ्या दिवशी सांजेला पहिलं फूल घेऊन निघालो. वाट तीच पर पायाला नवी. कोनाड्यात तेलाची बाटली काठोकाठ भरलेली, वर मुंगळा मरून पडलेला. झेंडूची झाडं माना टाकून उभी. तीन काड्या विझल्या. आडोसा धरायला दुसरं कुणी नव्हतं. चवथी लागली. तुझं फूल, म्हंजी माझं खोटं, बुवापुढं ठेवलं आन् कट्ट्यावर बसलो.

तिथनं शेवंताची बाभळ समोर दिसते.

मला ठावं नव्हतं असं न्हाई. मीच खड्डा खणलेला. पर समाधीच्या कट्ट्यावर बसून त्या बाजूला मी कवा बघितलं नव्हतं. दिव्याचा उजेड काही तिथवर जात न्हाई. पर बाभळीकडनं दिवा दिसत असणार. मी तिथं जाऊन बघितलं. दिसतो, हौसा. चांगला दिसतो.

चाळीस वर्षं मी समजत होतो, तू पोरीला सोडून देवाकडं गेलीस. तू रोज तिला भेटून येत होतीस. आन् उंबऱ्यातनं रोज मला हाक देत होतीस, चला म्हणून न्हाई, नुसतं "आलेच". म्हंजी यायचं तर या.

त्याच दिवशी बिरूआप्पा मेंढका मेंढरं घेऊन वरल्या अंगानं आला. तोंडाकडं न बघताच म्हणला, "दिवा दिसला म्हणून वळलो. मला वाटलं वैनीच आल्या का काय." मग माझ्याकडं बघून मेंढरं थांबवली. जाताना म्हणला, तीन आठवडं दिवा दिसंना तवा माळावर कसंनुसं व्हायचं. रोज दिसायचा तवा आम्ही कवा बघितला पण न्हाई. मी त्याला म्हणलं, दिवा माझ्यामुळं विझला. त्याला काय समजलं ठावं न्हाई. म्हणला, लागला न्हवं आता.

हे मी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाजवळ कबूल केलं. बुवाजवळ करायला आणखी तीन दिवस लागले.

रोज एक. चवथ्या दिवसापासनं झाडांना पाणी घालायला लागलो. सहाव्या दिवशी पाय नको म्हणत होते, कांद्यात दिवसभर वाकलेलो, तरी गेलो, कारण गाठीत फूल होतं आन् तू सांगितलेलं होतं. आठव्या दिवशी मी शेवंताचं नाव मोठ्यानं घेतलं. तिथं मी, निंब आन् बुवा, चवथं कुणी नव्हतं. नाव घेतलं आन् मग मी जो बसलो तो लई वेळ उठलो न्हाई. पर उठलो. तू विचारलं होतंस ना सरीत? आता उठलो, हौसा. त्याचा जबाब एवढाच हाय.

देव हाय का न्हाई ते मला आजपण ठावं न्हाई. माझा रानबुवावरचा राग पण सगळा गेला न्हाई, खोटं कशाला बोलू, आता बास झालं खोटं. पर मला एवढं कळलं, तो रोज दिवा लावायचा तवा काय रोज मेंढका चुकत नसंल. एखाद्या दिवशी चुकत असंल. तो दिवस कुठला ते आधी कळत न्हाई, म्हणून रोज लावायचा.

काल अकरावं फूल वाहिलं. गाठ मोकळी झाली. फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलंय, ते इथनं दिसतंय.

आज तुझं सांगणं संपलं. आज गेलो न्हाई तर कुणी विचारणार न्हाई. मनीषा विचारणार न्हाई, बिरूआप्पा एखाद्या दिवशी म्हणंल आन् गप ऱ्हाईल. सकाळपासनं हेच डोक्यात हाय. गाठीत फूल होतं तवर सोपं होतं. दुपारी झाडांना पाणी घालायला गेलो तर तिघांचं काही खरं न्हाई, पर चवथ्याला एक कळी उघडलीय. लहान हाय, एका अंगाला दबलेली. बाजारात नेली असती तर क्रेटातनं बाजूला काढली असती. मी तोडली न्हाई. सांजेला तोडीन, देठासकट, पानासकट.

दिवस कलला. गाय हंबरायला लागली, तिची धार आधी काढतो. ती आता मला नीट काढू देती. मी तोंडानं एक एक हरी म्हणतो, तुझ्यासारखा लागत न्हाई, पर तिला चालतंय.

बाटलीत तेल आता खरंच निम्मं हाय. जपून घालतो.

आलोच.